आधी जहाजं मोजू नका: प्राचीन ग्रीक वाचायला घेणाऱ्यांसाठी

होमरचं इलियड, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावरचं ग्रीक महाकाव्य, मी फोर्टच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून उचललं. पहिला सर्ग धडाक्यात गेला. दुसऱ्यात जहाजांची यादी लागली: कुठल्या गावचा सरदार, त्याचा बाप कोण, तो किती जहाजं घेऊन ट्रॉयला आला. एकूण २९ तुकड्या आणि १,१८६ जहाजं. पैसे मोजून घेतलंय तर सगळं वाचायचं, या मध्यमवर्गीय हट्टानं मी एकेक नाव वाचत गेलो आणि मध्येच कुठंतरी बुडालो. पुस्तक दोन वर्षं कपाटात. मग वाटलं काव्य आपल्याला झेपत नाही, तत्त्वज्ञान बघू. प्लेटोचं रिपब्लिक आणलं. पहिल्या भागातली खडाजंगी आवडली, चौथ्या भागात झोप लागली.

गाडी रुळावर आली ती आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त वकीलबाईंमुळे. त्यांना सगळे काकू म्हणतात. मी रडगाणं गायलं तर म्हणाल्या, "तुझ्या त्या ग्रीकांत एखादा खटला नाही का? असेल तर मी वाचते." खटला होता. त्या रविवारी चौघं बसलो आणि मोठ्यानं वाचलं. तेव्हापासून वाचतोय. पुढं जे लिहिलंय ते आम्ही खाल्लेल्या ठेचांवरून. ग्रीक भाषा येत नाही, इंग्रजी बऱ्यापैकी वाचता येतं, असं गृहीत धरलंय.

काय जवळ हवं

- एक चांगला अलीकडचा इंग्रजी अनुवाद, टिपा आणि नावांची सूची असलेला.
- ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्राचा नकाशा. मोबाइलवर चालेल, पण छापून भिंतीला लावलेला उत्तम.
- एक वही, नावांसाठी.
- पर्सियस डिजिटल लायब्ररी हे संकेतस्थळ. अमेरिकेतलं टफ्ट्स विद्यापीठ चालवतं. मूळ ग्रीक आणि इंग्रजी, दोन्ही फुकट.
- तत्त्वज्ञानाच्या शंकांसाठी स्टॅनफर्डचा ऑनलाइन तत्त्वज्ञानकोश. हाही फुकट. पण मूळ वाचल्यानंतर उघडा, आधी नाही.
- ऐकायला एक तरी माणूस.

शेवटची गोष्ट गमतीत लिहिलेली नाही. होमरचं काव्य लोकांपुढं गायलं जायचं, नाटकं उघड्या रंगमंचावर हजारोंपुढं व्हायची, प्लेटोनं लिहिलं तेही संवादात. मनातल्या मनात वाचलं की यातलं अर्धं मरतं.

१. नावांचा गुंता पहिल्या दिवशी सोडवा

इलियडमध्ये पॅरिस नावाचा राजपुत्र आहे. त्यालाच होमर अनेकदा अलेक्झांद्रोस म्हणतो. सिकंदराशी त्याचा संबंध नाही. ग्रीकांना 'ग्रीक' असं तर कुणी म्हणतच नाही; अकीयन, आर्गाइव्ह, डॅनान ही तीन नावं येतात आणि तिन्ही एकाच सैन्याची. इलियडचा नायक अकिलीस, त्याला 'पेलेउसचा मुलगा' म्हटलेलं असतं. कौंतेय, पार्थ, राधेय अशा नावांवर वाढलेल्या आपल्याला यात नवल वाटू नये, फक्त वहीत लिहून ठेवा. एजॅक्स नावाचे वीर दोन आहेत, हेही.

इथला मोठा सापळा म्हणजे जुने फुकट अनुवाद. इंटरनेटवर सहज मिळणारे होमरचे गद्य अनुवाद बऱ्याचदा सॅम्युअल बटलरचे, १९०० च्या आसपासचे असतात. ते वाईट नाहीत, पण त्यांत ग्रीक देवांना रोमन नावं दिलीत. झ्यूसचा ज्यूपिटर किंवा जोव्ह, अथीनाची मिनर्व्हा, पोसायडनचा नेपच्यून, आणि ओडिसियसचा युलिसिस. आमच्यातल्या एकानं बटलर आणला, दुसऱ्यानं नवा अनुवाद. अर्धा तास दोघं वेगवेगळी पुस्तकं वाचतोय असंच वाटत होतं.

जाता जाता: प्लेटोचं ग्रीक नाव प्लातोन. ते अरबीत अफलातून झालं आणि फिरत फिरत आपल्या तोंडी आलं. बटाटेवडा अफलातून झालाय म्हणताना आपण प्लेटोचंच नाव घेतो. 'केंद्र' आणि 'होरा' हे पत्रिकेतले शब्द ग्रीक, 'दाम' हा द्राख्मे या नाण्यावरून आलेला. कार्ल्याच्या लेण्यांत खांबांवर दान देणाऱ्या यवनांची, म्हणजे ग्रीकांची, नावं कोरलेली आहेत. छत्रपती संभाजीनगरचं मिलिंद महाविद्यालय डॉ. आंबेडकरांच्या संस्थेनं काढलेलं. त्या नावातला मिलिंद म्हणजे मिनँडर हा ग्रीक राजा, नागसेन भिक्खूला प्रश्न विचारणारा. म्हणजे मंडळी अगदीच अनोळखी नाहीत.

२. सुरुवात खटल्यानं करा: प्लेटोचं अपॉलॉजी

नावावर जाऊ नका, इथं कुणी माफी मागत नाही. ग्रीक शब्दाचा अर्थ बचावाचं भाषण. इसवी सनपूर्व ३९९, अथेन्स. सत्तरीचा सॉक्रेटिस, प्लेटोचा गुरू, आरोप दोन: शहराचे देव मानत नाही, आणि पोरांना बिघडवतो. समोर चिठ्ठ्या टाकून निवडलेले पाचेकशे नागरिक, तेच ज्यूरी आणि तेच न्यायाधीश. वकील नाही, आपलं आपण बोलायचं. मोठ्यानं वाचायला दीड तास पुरतो.

खटल्याची रीत आधी समजून घ्या, नाहीतर मधला भाग कळत नाही. आधी दोषी की निर्दोष यावर मतदान. दोषी ठरला तर फिर्यादी एक शिक्षा सुचवणार, आरोपी दुसरी, आणि ज्यूरीनं दोनपैकी एक निवडायची. मधली काढायची सोय नाही. साहजिकच आरोपी अशी शिक्षा सुचवायचा की ज्यूरीला ती पुरेशी वाटावी आणि आपला जीवही वाचावा.

सॉक्रेटिस थोड्या मतांनी दोषी ठरतो. तीस मतं इकडची तिकडं झाली असती तर सुटलो असतो, असं तो स्वतःच म्हणतो. फिर्यादीनं मृत्युदंड मागितलाय. आता तो काय सुचवतो? शहराच्या खर्चानं जेवण! ऑलिंपिक जिंकणाऱ्यांना मिळतं तसं. मी एवढं वाचलं आणि काकूंनी कपाळावर हात मारला. "अरे, हा स्वतःचीच केस घालवतोय! याला कुणीतरी खाली बसवा." मग तो एक मिना (तेव्हाचं पैशाचं माप) दंड म्हणतो, मित्र खुणावतात तेव्हा तीस मिना. तोवर उशीर झालेला असतो.

काकूंचं ते कपाळावर हात मारणं म्हणजेच हे पुस्तक कसं वाचायचं याचं उत्तर. सॉक्रेटिसला संत करून वाचू नका. तो चिडवतो, खवचट बोलतो, ज्यूरीला गोमाशीसारखा चावतो. अथेन्सच्या लोकांनी त्याला का मारलं हे तुम्हाला थोडं तरी पटलं पाहिजे, तरच पुस्तक चावतं.

नंतर क्रिटो वाचा (तुरुंगातून पळून जायचं की नाही, छोटंसं आहे), मग फीडोची निदान शेवटची पानं. विष चढत असताना त्याचे शेवटचे शब्द एका कोंबड्याबद्दल आहेत: अस्क्लेपिअस या आरोग्यदेवाला कोंबडा देणं लागतो, विसरू नका. याचा अर्थ काय, यावर आमच्यात अजून एकमत नाही. नवस फेडायचा राहिला होता, असं काकूंचं सरळ मत.

३. मग एक नाटक, भूमिका वाटून

अँटिगनी घ्या. सॉफक्लीजनं सव्वाशेच्या आसपास नाटकं लिहिली, पूर्ण हाती लागलीत सात. अँटिगनी त्यातलं एक. दोन तासांत होतं. कथा एका ओळीची: राजानं भावाच्या प्रेताला माती द्यायला बंदी केलीय आणि बहीण ती मोडते.

नाटक वाचताना कोरस आला की माणसं पानं उलटतात. हा सापळा. कोरस म्हणजे मध्यंतराचं गाणं नव्हे. गावातली जाणती माणसं पाहतायत, घाबरतायत, बाजू बदलतायत. आम्ही कोरसच्या ओळी सगळ्यांनी मिळून वाचतो. पहिल्यांदा फार हसू येतं.

यात माणसाबद्दलचं एक प्रसिद्ध गाणं आहे. त्याच्या सुरुवातीला 'दाइनोस' या शब्दाचं रूप येतं. जगात दाइनोस गोष्टी पुष्कळ, पण माणसाइतकी दाइनोस काहीच नाही. कुठल्या इंग्रजी अनुवादात त्याचं 'अद्भुत' केलेलं सापडतं, कुठल्यात 'भीतिदायक'. दोन्ही अर्थ मुळात आहेत आणि इंग्रजीला एक निवडावा लागतो. आपल्याला नाही लागत. 'भयंकर हुशार आहे ती', 'भयंकर आवडलं' असं आपण रोज म्हणतो. माणसाइतकं भयंकर काही नाही. झालं.

असंच 'हमार्तिया'चं. ॲरिस्टॉटलनं 'काव्यशास्त्र' या पुस्तकात वापरलेला शब्द. इंग्रजीतून वाचणाऱ्यांना बऱ्याचदा 'नायकाच्या स्वभावातला दोष' असं शिकवलं जातं आणि मग परीक्षेत प्रत्येक नायकाचा दोष शोधायचा उद्योग सुरू होतो. शब्दाचं क्रियापद इलियडमध्ये भाला नेमावर न लागण्यासाठी येतं. नेम चुकला. आपली 'चूक' त्याच चुकण्यातून आली, शब्द आयता तयार आहे. सॉफक्लीजच्याच दुसऱ्या नाटकातल्या ईडिपस राजाची चूक झाली, तो वाईट नव्हता. हे काव्यशास्त्र विंदा करंदीकरांनी मराठीत आणलंय आणि ईडिपसचं नाटक पुलंनी 'राजा ओयदिपौस' म्हणून. वाचनालयात विचारा, नव्या दुकानांपेक्षा जुन्या वाचनालयांत मिळायची शक्यता जास्त.

४. होमर: ओडिसी आधी

इलियडची गोष्ट ट्रॉयच्या युद्धाच्या दहाव्या वर्षातल्या काही आठवड्यांची. लाकडी घोडा त्यात नाही. अकिलीसचा मृत्यूही नाही. या दोन गोष्टींची वाट बघत चोवीस सर्ग वाचणारे मला भेटलेत. म्हणून आधी ओडिसी. युद्ध संपल्यावर घरी परतणाऱ्याची गोष्ट, घोड्याची आठवणही त्यातच येते.

पण ओडिसीतही ओडिसियस पाचव्या सर्गापर्यंत भेटत नाही, पहिले चार त्याच्या मुलाचे. कंटाळा येईल असं वाटलं तर थेट पाचवा उघडा. एकाक्ष राक्षस नवव्यात आहे. शुद्धतावादी रागावतील, रागावू द्या. नंतर मागं येता येतं.

ओडिसीचा कणा आहे पाहुणचार. ग्रीकमध्ये 'क्सेनोस' म्हणजे परकाही आणि पाहुणाही. अनुवादक यावर लांब टीप देतात. साताऱ्या-कोल्हापूरकडं अनोळखी माणसाला "काय पाहुणं, कुठलं गाव?" असं विचारतात, त्यांना टीप नको. फक्त होमरच्या जगात क्रम उलटा: आधी हातपाय धुवायला पाणी, मग जेवण, आणि नाव-गाव त्यानंतर. हा नियम डोक्यात ठेवून वाचा. तो एकाक्ष राक्षस आधी 'कोण रे तुम्ही' विचारतो आणि मग पाहुण्यांनाच खातो, म्हणजे त्यानं नेमकं काय मोडलं ते कळतं.

एकच प्रसंग वाचायचा असेल तर सतराव्या सर्गातला कुत्र्याचा. वीस वर्षांनी ओडिसियस भिकाऱ्याच्या वेषात दाराशी आलाय. त्याचा जुना कुत्रा आर्गॉस शेणाच्या ढिगावर पडलाय, अंगभर गोचिड्या. तो ओळखतो. शेपटी हलवतो, कान पाडतो, उठून जवळ यायचं बळ नाही. आणि ओडिसियस त्याच्याजवळ जाऊ शकत नाही, कारण ओळख फुटेल. सोबतच्या माणसाच्या नकळत डोळा पुसतो आणि आत जातो. कुत्रा तिथंच मरतो. सगळं मिळून चाळीसेक ओळी.

इलियडला वळाल तेव्हा पहिला, सहावा, सोळावा, बाविसावा आणि चोविसावा सर्ग आधी वाचा. सहाव्यात ट्रॉयचा वीर हेक्टर आपल्या बाळाला घ्यायला हात पुढं करतो आणि शिरस्त्राणावरचा तुरा बघून ते किंचाळतं. आईबाप हसतात. तो शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो. पुढं काय होणार हे आपल्याला माहीत असतं.

अनुवाद कुठला? आम्ही एमिली विल्सन (ओडिसी २०१७, इलियड २०२३) मोठ्यानं वाचायला वापरतो, ओळी सरळ आणि छोट्या आहेत. रॉबर्ट फेगल्स भरघोस आहे, नाटकी आवाज असलेल्यांनी घ्यावा. रिचमंड लॅटिमोर मुळाला धरून चालतो पण जीभ अडखळते. विकत घेण्याआधी तिघांचंही पहिलं पान वाचून बघा.

५. तत्त्वज्ञानाची वाट

पहिला ग्रीक तत्त्वज्ञ मानला जाणारा थेलीस, त्याच्यापासून क्रमानं यायचा मोह टाळा. सॉक्रेटिसच्या आधीच्यांचं सलग पुस्तक उरलेलं नाही. दुसऱ्यांनी उद्धृत केलेले तुकडेच आहेत. हेराक्लायटस मजेदार आहे, पण तुकड्यांवरून सुरुवात करणं म्हणजे चटणी खाऊन जेवण झालं म्हणणं.

प्लेटोत अपॉलॉजीनंतर मेनो. त्यात सॉक्रेटिस एका गुलाम पोराला चौरस काढून विचारतो: याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढ. पोरगा बाजू दुप्पट करतो, चुकतो. कागद-पेन्सिल घेऊन तुम्हीही काढा, उत्तर आधी वाचू नका. नंतर सिम्पोझियम. रिपब्लिक सगळ्यात शेवटी. गुहेची गोष्ट सातव्या भागात आहे.

ॲरिस्टॉटल रुक्ष वाटणारच. आपल्याकडं पोचलंय ते बहुतेक त्याच्या व्याख्यानांच्या टिपणांसारखं, छापायला लिहिलेलं नव्हे. निकोमाकियन एथिक्स आठव्या भागापासून उघडा, मैत्रीवर आहे. कामापुरती मैत्री, मजेपुरती मैत्री, आणि माणूस चांगला म्हणून केलेली. तिसरी सावकाश होते. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, अशी म्हण तो देतो. खाल्ल्या मिठाला जागणाऱ्यांना समजवायला नको. याच माणसानं पॉलिटिक्समध्ये काही लोक जन्मतः गुलामच असतात असं लिहिलंय. तेही वाचा, टाळू नका. जन्मावरून माणसाची पायरी ठरवणारा युक्तिवाद कसा रचतात, हे ओळखायला आपल्याला फार वेळ लागत नाही.

स्टोइक या पंथाचे तत्त्वज्ञ सध्या फार खपतात. एपिक्टेटस वाचा, तो स्वतः गुलाम होता, त्याला जे सुचलं ते गरजेतून. मार्कस ऑरेलियस रोमन सम्राट, पण टिपणं ग्रीकमध्ये लिहिलेली. होमर आणि हा यांच्यात जवळपास नऊशे वर्षं आहेत. ज्ञानेश्वरीपासून आजपर्यंतच्या काळाहून जास्त. तेव्हा 'ग्रीक लोक असं मानायचे' हे वाक्य कुणी बोललं की विचारा, कुठले, कधीचे?

६. सुविचार तपासा

'आपण वारंवार जे करतो, तेच आपण असतो.' ॲरिस्टॉटलच्या फोटोसह दर सोमवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर येतं. हे वाक्य विल ड्युरंट या अमेरिकन लेखकाचं, १९२६ चं. त्यानं ॲरिस्टॉटल समजावताना लिहिलेलं.

तपासायची सोपी युक्ती आहे. प्लेटोच्या पुस्तकांत समासात ३८ए असे आकडे असतात. हे १५७८ साली जिनिव्हात छापलेल्या आवृत्तीचे पृष्ठांक. कुठल्याही भाषेतला, कुठल्याही प्रकाशनाचा बरा अनुवाद ते देतो. ॲरिस्टॉटलला १८३१ च्या बर्लिन आवृत्तीचे आकडे. 'अपॉलॉजी ३८ए' म्हटलं की जगातला कुणीही तेच वाक्य उघडतो (तपासून न पाहिलेलं जगणं माणसानं जगण्याच्या लायकीचं नाही, ते हे). वाक्याखाली आकडा नसेल तर संशय घ्या. आणि पुस्तक विकत घेताना समासात आकडे नसतील तर ते परत ठेवा.

लोएब मालिकेची छोटी पुस्तकं दिसली तर हिरवी घ्या, डावीकडं ग्रीक आणि उजवीकडं इंग्रजी. लाल लॅटिनची असतात. माझ्याकडं एक लाल आहे.

७. भाषा शिकावीशी वाटलीच तर

अक्षरं २४, आठवड्यात होतात. इंग्रजी शाळांत जिथं अडतात तिथं आपली सोय आहे: जुन्या ग्रीकमध्ये थीटा म्हणजे थ, खी म्हणजे ख आणि फी म्हणजे फळातला फ, फॅनमधला नव्हे. उलट ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे ठेवताना आपली फजिती होते. तीन लिंगं मराठीत आहेतच. शाळेत संस्कृत घेतलेलं असेल तर द्विवचन भेटेल, आत्मनेपदाचा भाऊ भेटेल, भूतकाळासाठी क्रियापदाच्या आधी लागणारा 'अ' इथं 'ए' होऊन भेटेल. 'एस्ती' म्हणजे अस्ति, 'दिदोमी' म्हणजे ददामि. पर्सियसवर शब्दावर टिचकी मारली की त्याचं रूप आणि अर्थ येतो. पण त्याची सवय लागली की पाठांतर सुटतं, माझं सुटलंय.

८. जहाजांकडे परत

गेल्या दिवाळीत काकूंनीच काढलं, की ती यादी राहिलीय. म्हटलं, काकू, मरू दे. त्या ऐकेनात. मग फराळाची ताटं बाजूला सरकवून नकाशा मध्ये पसरला आणि प्रत्येकानं पाळीनं एकेक तुकडी मोठ्यानं वाचली. नाव आलं की गावावर बोट ठेवायचं. यादीच्या आधी होमर काव्यदेवतांना पुन्हा हाक मारतो, मला दहा जिभा असत्या तरी इतकी नावं सांगता आली नसती म्हणतो. आगामेम्नॉनची शंभर, क्रीटची ऐंशी, ओडिसियसची बारा. पाचव्या-सहाव्या तुकडीला आमच्यातला एक जण थांबला आणि म्हणाला, "अहो, हा तर गोंधळ आहे." तुळजापूरची भवानी गोंधळाला ये, कोल्हापूरची लक्ष्मी गोंधळाला ये: गोंधळी गावोगावच्या देवांना नावानं बोलावतो तसं. आपल्या गावाचं नाव कधी येतं याकडं कान लावून बसलेली माणसं समोर असणार, हे मग एकदम दिसलं. तास लागला. चकली खात खात १,१८६ जहाजं लागली.